अक्षरांची लक्षणगीते

लहान मुलांना अक्षरओळख करून देण्यासाठी गाण्याचा आधार घेण्याची पद्धत जवळजवळ सर्वत्र आढळते. मात्र असे गाणे मुलाला नेमके काय शिकवते, अक्षराचे नाव, त्याचा उच्चार, त्याचा आकार की केवळ त्याचा क्रम, याचा विचार गाणे रचणारेही फारसा करत नाहीत. या प्रश्नाकडे गांभीर्याने आणि तरीही खेळकरपणे पाहणाऱ्यांमध्ये 'दे माइट बी जायंट्स' या अमेरिकी रॉक बँडचा समावेश करावा लागतो. गिटार, बास गिटार आणि ड्रम यांच्या ठसठशीत तालावर उभे राहणारे, मूळचे तरुणांचे असे हे रॉक संगीत. ते बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी वापरण्याचा प्रयोग या बँडने २००५ साली 'हिअर कम द एबीसीज्' या संग्रहात केला. त्या प्रयोगाचे मर्म समजून घेतले, तर देवनागरीसाठी असे संगीत कसे असावे, आणि भिलाईसारख्या बहुभाषक औद्योगिक नगरात वाढणाऱ्या मराठी मुलाला त्याचा काय उपयोग होईल, याचा विचार अधिक नेमकेपणाने करता येतो.

जॉन फ्लॅन्सबर्ग आणि जॉन लिनेल या दोघांनी १९८२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात हा बँड स्थापन केला. गिटार, अकॉर्डियन आणि ध्वनिफितीवर आधीच मुद्रित केलेला ताल एवढ्या सामग्रीवर सुरुवातीच्या काळात त्यांचे कार्यक्रम होत, आणि फोन करणाऱ्याला उत्तरयंत्रावरून नवे गाणे ऐकवण्याची त्यांची 'डायल-अ-साँग' ही सेवाही बरीच गाजली होती. प्रौढ श्रोत्यांसाठी दोन दशके गायल्यानंतर २००२ साली त्यांनी 'नो!' हा मुलांसाठीचा पहिला संग्रह काढला, त्यानंतर २००५ मध्ये अक्षरांचा, २००८ मध्ये अंकांचा आणि २००९ मध्ये विज्ञानाचा. यांपैकी अंकांच्या संग्रहाला मुलांच्या संगीतासाठीचा ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. अक्षरांच्या संग्रहाचे वेगळेपण असे की, सव्वीस अक्षरे एका दमात म्हणायला लावणाऱ्या एकाच गाण्यावर तो थांबत नाही, तर अक्षरांना स्वभाव देणारी छोटी छोटी गाणी त्यात एकामागून एक येतात. एका गाण्यात 'ई' हे अक्षर समोर येईल ते खाते आणि इतर अक्षरांच्या मात्र आवडीनिवडी ठरलेल्या असतात. एका गाण्यात 'सी'च्या निमित्ताने सूचिपर्णी वृक्षांचा परिचय होतो. 'फ्लाइंग व्ही' या गाण्याचे शीर्षक तर गिब्सन कंपनीने १९५८ साली आणलेल्या, व्हीच्या आकाराच्या विद्युत गिटारचेच नाव आहे. देशांच्या नावांतून वर्णमाला फिरवणाऱ्या गाण्यात 'एक्स'पाशी अडचण आली, कारण त्या अक्षराने सुरू होणारा देशच नाही; तेव्हा कवींनी सरळ एक काल्पनिक देश वसवला आणि पुढची वाट धरली.

या गाण्यांचे महत्त्व कळण्यासाठी त्यांच्या आधीचे प्रसिद्ध गाणे पाहावे लागते. इंग्रजी मुळाक्षरे ज्या चालीवर जगभर म्हटली जातात, ती चाल मूळची फ्रेंच असून ती १७६१ साली प्रथम छापली गेली. मोझार्टने १७८१-८२च्या सुमारास तिच्यावर पियानोसाठी बारा आवर्तने रचली, पुढे जेन टेलर यांची १८०६ साली प्रसिद्ध झालेली चांदणीवरची कविता तिला जोडली गेली, आणि १८३५ साली बोस्टनच्या चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्णमालेचे गाणे म्हणून तिचा स्वामित्वहक्क नोंदवला. म्हणजे ही चाल अक्षरांसाठी जन्मलेली नव्हती, अक्षरे तिच्यात बसवण्यात आली. त्याची खूण गाण्याच्या मध्यावर स्पष्ट दिसते. पहिली सात अक्षरे ऐसपैस बसतात, पण दुसऱ्या ओळीत जागा अपुरी पडल्यामुळे 'एल, एम, एन, ओ' ही चार अक्षरे दुप्पट वेगाने उरकावी लागतात आणि अनेक मुले 'एलेमेनोपी' हे एकच लांबलचक अक्षर आहे असे समजून चालतात. त्याच घसरत्या अक्षरांचे नाव 'दे माइट बी जायंट्स'ने आपल्या एका गाण्याला दिले आहे, ही त्यांची नेमकी नजर. दुसऱ्या एका गाण्याच्या शीर्षकात तर, वर्णमालेला वर्णानुक्रमात लावले कोणी, असा प्रश्नच त्यांनी विचारला आहे. आणि रोमन वर्णमालेपुरता तो रास्त आहे, कारण फिनिशियन, ग्रीक आणि लॅटिन अशा वाटेने आलेल्या त्या क्रमामागे उच्चाराचे कोणतेही तर्कशास्त्र नाही. 'बी' नंतर 'सी' का, याला उत्तर नाही. तो क्रम पाठच करावा लागतो, आणि पाठांतराला चाल मदत करते. जुने गाणे एवढेच काम करते, आणि ते चोख करते. अक्षराचा उच्चार मात्र ते शिकवत नाही, कारण इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि त्याचा ध्वनी दुसराच असतो. 'डब्ल्यू' या नावात त्याचा ध्वनी शोधूनही सापडत नाही.

गाण्याचा वाचनाशी संबंध आहे याला मात्र संशोधनाचा आधार आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या ब्रिटिश संशोधकांनी १९८३ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, यमक आणि आद्यध्वनी ओळखण्याची मुलांची क्षमता पुढच्या वाचनप्रगतीशी निगडित असते, आणि या क्षमतेचे प्रशिक्षण दिलेली मुले वाचनात पुढे जातात. शब्दातले ध्वनी सुटे सुटे ऐकू येण्याच्या या क्षमतेला ध्वनिजाणीव म्हणतात. यावरून निघणारा निष्कर्ष साधा असला तरी विसरला जातो: ज्या गाण्यात ध्वनी ठळकपणे ऐकू येतात ते गाणे वाचनाला उपकारक असते, आणि ज्यात केवळ अक्षरांची यादी असते ते नसते.

येथे भारतीय संगीतातील एक संकल्पना उपयोगी पडते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी संगीतशिक्षणासाठी सरगमगीते आणि लक्षणगीते यांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. सरगमगीत म्हणजे ज्याचे शब्द स्वरांचीच नावे असतात असे गीत. आणि लक्षणगीत म्हणजे ज्याच्या शब्दांत रागाचे वादी-संवादी स्वर, वर्ज्य स्वर, गानसमय इत्यादी लक्षणे सांगितलेली असतात आणि जे त्याच वेळी त्या रागातच बांधलेले असते असे गीत. विद्यार्थी जे म्हणतो तेच त्याच्या गळ्यातून घडत असते, व्याख्या आणि उदाहरण एका श्वासात एकत्र येतात. भातखंडे यांनी 'चतुर' या नाममुद्रेने अशी अनेक गीते रचली. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. १९५६ साली स्थापन झालेले, संगीत आणि कलांना वाहिलेले हे विद्यापीठ भिलाईच्या वायव्येला, त्याच जुन्या दुर्ग जिल्ह्याच्या मुलखात आहे. या परंपरेच्या कसोटीवर पाहिले, तर 'दे माइट बी जायंट्स'ची चांगली गाणी ही अक्षरांची लक्षणगीते आहेत आणि चांदणीच्या चालीवरचे गाणे ही नुसती गेय यादी आहे.

आता देवनागरीकडे वळले म्हणजे चित्र उलटे होते. येथे अक्षराचे नाव आणि त्याचा ध्वनी एकच असतात, आणि क्रमाला कारण आहे. व्यंजने कंठातून ओठांकडे येतात: क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूच्या माथ्याकडे वळवून उच्चारायचा, त-वर्ग दंत्य आणि प-वर्ग ओष्ठ्य. प्रत्येक वर्गात पहिली दोन अक्षरे अघोष, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनावाचून निघणारी, पुढची दोन घोष, म्हणजे त्या कंपनासह निघणारी, आणि पाचवे अनुनासिक. दुसरे आणि चौथे महाप्राण, म्हणजे श्वासाचा जोर लावून उच्चारायचे. या रचनेला संगीताचा अर्थ आधीपासूनच आहे. तबल्याच्या बोलांत डग्ग्यावरचा बंद, दाबलेला आघात 'क'ने दाखवतात आणि खुला, घुमणारा आघात 'ग' किंवा 'घ'ने; अनिरुद्ध पटेल आणि जॉन इव्हर्सन यांनी २००३ साली तबल्याचे ध्वनी आणि त्यांचे बोल यांची तुलना करून हे बोल मनमानीने ठेवलेले नसून त्यांचे ध्वनिगुण वाद्याच्या ध्वनिगुणांशी जुळतात असे दाखवले. रॉक गिटारमध्येही तळहाताची कड तारांवर टेकवून दबका स्वर काढण्याची आणि हात उचलून तो मोकळा सोडण्याची रीत आहे. 'क' दबक्या तारेवर आणि 'ग' मोकळ्या तारेवर ऐकवला, तर अघोष आणि घोष या संज्ञा न उच्चारताही त्यांतला भेद पाच वर्षांच्या मुलाच्या कानात बसू शकतो.

असे असताना बाजारात आणि पडद्यावर देवनागरीची जी गाणी सर्रास ऐकू येतात, त्यांपैकी कित्येक चांदणीच्याच चालीवर किंवा तिच्यासारख्या समान ठोक्यांच्या चालीवर बसवलेली असतात. हे उसनेपण केवळ सौंदर्यदृष्ट्या खटकणारे नाही, ते शिकवण्याच्या दृष्टीने सदोष आहे. त्या चालीत बहुतेक अक्षरांना सारखाच काळ मिळतो. त्यामुळे 'इ' आणि 'ई', 'उ' आणि 'ऊ' कानाला सारखेच लांब वाटू लागतात. ह्रस्व स्वर एक मात्रेचा आणि दीर्घ स्वर दोन मात्रांचा, हा भेद पाणिनीने आपल्या व्याकरणात काळाच्या मापानेच सांगितला आहे आणि परंपरा त्याचे स्पष्टीकरण देताना कोंबड्याच्या क्रमाने लांबत जाणाऱ्या आरवण्याकडे बोट दाखवते. जो भेद मुळात कालमापनाचा आहे, तो तालात शिकवायचा सोडून तालानेच पुसून टाकायचा, असा हा प्रकार आहे.

बाराखडीचे गणित मांडून पाहिले की पर्याय हाताशीच असल्याचे दिसते. 'क' एक मात्रा आणि 'का' दोन, 'कि' एक आणि 'की' दोन, मिळून सहा मात्रा झाल्या, म्हणजे दादरा तालाचे एक पूर्ण आवर्तन. 'कु' आणि 'कू' यांच्या तीन मात्रा होतात. त्यापुढे तीन मात्रांची विश्रांती ठेवली की दुसरे आवर्तन पुरे होते, आणि त्या मोकळ्या जागेत वर्गाने टाळ्या वाजवाव्यात. पुढचे 'के', 'कै', 'को' हे तिन्ही दीर्घ, म्हणून सहा मात्रा. शेवटचे 'कौ', 'कं', 'कः' हेही गुरू, म्हणजे दोन मात्रांचेच, म्हणून पुन्हा सहा. अशा रीतीने अख्खी बाराखडी दादऱ्याच्या चार आवर्तनांत ह्रस्व-दीर्घाला जराही धक्का न लावता बसते. रॉक संगीतातील संथ गाण्यांमध्ये सहा ठोक्यांचा हा झुलता ताल नित्याचा आहे, तेव्हा ड्रमवादकाला त्यासाठी नवे काही शिकावे लागणार नाही. अर्थात एवढ्याने शुद्धलेखन सुधारेल अशी आशा करणे भाबडेपणाचे ठरेल, कारण बोलल्या जाणाऱ्या मराठीत इकार-उकारांची लांबी बऱ्याच वेळा शब्दातल्या स्थानावर ठरते आणि लेखनाचे नियम निराळ्याच कारणांनी बनलेले आहेत; पण दोन चिन्हे वेगळी का, हे मुलाला निदान ऐकू तरी येईल.

बाराखडीवर इतका भर देण्याचे कारण असे की, भारतीय लिप्यांतली खरी चढण मुळाक्षरांत नसून त्यांच्या संयोगांत आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला सव्वीस अक्षरांचे लहान-मोठे आकार पुरतात. देवनागरीत मात्र व्यंजन, स्वरचिन्ह आणि जोडाक्षर मिळून शेकडो आकार तयार होतात. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अक्षरसंच आत्मसात होण्याची गती इंग्रजीच्या तुलनेत बरीच संथ असून ती प्रक्रिया प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत चालते असे आढळले, आणि कन्नडची लिपी आकाराने वेगळी असली तरी रचनेने देवनागरीची भगिनीच आहे. त्यात पुन्हा पहिल्या वेलांटीसारख्या खोड्या आहेत, जी लिहायची व्यंजनाच्या आधी आणि म्हणायची नंतर. 'क'ला काना, वेलांटी, उकार, मात्रा अशा क्रमाने सर्व वर्गाने घोष करण्याची जुनी शालेय पद्धत यासाठीच टिकली. तिच्यात चिन्हाचे नाव आणि त्याचा ध्वनी लागोपाठ येतात, म्हणजे तीही ओबडधोबड का होईना, लक्षणगीतच होती. तिचा दोष असा की सूर एकसुरी आणि अर्थाचा पत्ता नाही. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीत गाणी, हालचाल आणि परिसरातल्या वस्तू आणल्या त्या या कंटाळ्यावरचा उतारा म्हणूनच; आणि माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवताना त्याचा ध्वनी उच्चारला जातो, त्यातही आकार आणि उच्चार एकाच क्षणी भेटावेत हेच तत्त्व आहे.

भिलाईत हा विषय आणखी गुंतागुंतीचा होतो. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या कराराने येथे पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टरांमध्ये तेलुगू, बंगाली, उडिया, मल्याळी, पंजाबी, भोजपुरी आणि मराठी बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. भोवतालच्या गावांची भाषा अर्थातच छत्तीसगढी. मराठीचा या प्रदेशाशी संबंध त्याहून जुना, नागपूरकर भोसल्यांच्या अठराव्या शतकातील अमलापासूनचा आहे. येथील मराठी मूल देवनागरी शिकते ते शाळेतल्या हिंदीतून, आणि मग एकाच अक्षराला दोन वळणे पडतात. घरच्या तक्त्यावर 'अ' अननसाचा असतो, शाळेत तो 'अनार'चा होतो; उसाचे चित्र मराठी तक्त्यात 'ऊ'पाशी असते, तर हिंदी तक्त्यात तोच ऊस 'ईख' होऊन 'ई'पाशी जाऊन बसतो. चित्रांचे स्थलांतर मुलांना गमतीचे वाटते, त्यात काही बिघडत नाही. उच्चारांचे तसे नाही. 'ऐ' मराठीत 'अइ' असा जोडस्वर आहे, हिंदीत तो बहुतेक शब्दांत एकसंध उघडा स्वर होतो. 'ऋ' मराठीत 'रु'कडे झुकतो, हिंदीत 'रि'कडे. 'ज्ञ' मराठीत 'द्न्य' आणि हिंदीत 'ग्य'. 'चहा' आणि 'चमचा' यांतले दोन वेगळे 'च', 'जीभ' आणि 'जावई' यांतले दोन 'ज', हा भेद तर हिंदीला ठाऊकच नाही आणि मराठी तक्ताही तो दाखवत नाही, कारण लिपीत दोन्हींना एकच खूण आहे. ॲ आणि ऑ यांना महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात मराठी वर्णमालेत रीतसर स्थान दिले; बॅट, बॉल आणि बँड अशा शब्दांत वाढणाऱ्या मुलांसाठी ते आवश्यकच होते.

या परिस्थितीत अक्षरगीते करू पाहणाऱ्या वाद्यवृंदाला नमुना शोधण्यासाठी ब्रुकलिनपर्यंत जाण्याची गरज नाही, कारण सादरीकरणाची एक बळकट रीत भिलाईच्या उंबरठ्यावरच आहे. महाभारताची कथा गाऊन आणि अभिनयाने सांगणारी पंडवानी ही छत्तीसगढची लोककला; तिला जगभर पोहोचवणाऱ्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावच्या, त्यांनी भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केली आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानीत मुख्य गायकासोबत 'रागी' नावाचा साथीदार असतो, जो हुंकार देतो, ओळ उचलून धरतो आणि मधूनच श्रोत्यांच्या वतीने प्रश्न विचारतो. हा रागी अक्षरगीतात आणला, तर मुले केवळ ऐकणारी राहत नाहीत: गायकाने 'च' म्हणावा आणि रागीने तो चहाचा की चमच्याचा असे विचारावे, उत्तर वर्गाने द्यावे. बारा वर्षांच्या मुलाला व्याकरणाच्या तासाला समजावून सांगावी लागणारी गोष्ट पाच वर्षांचे मूल या प्रश्नोत्तरात सहज पकडते, कारण मातृभाषेतला भेद त्याच्या जिभेला आधीच अवगत असतो; फक्त त्याच्याकडे लक्ष वेधावे लागते.

शब्दाच्या आरंभी न येणाऱ्या अक्षरांचा प्रश्न तरीही उरतो. अमेरिकी बँडने 'एक्स'साठी देश वसवला. मराठी तक्त्याने 'ण' बाणाच्या शेवटी आणि 'ळ' बाळाच्या शेवटी शोधला, आणि 'ङ', 'ञ' यांच्यापुढे चौकट रिकामी सोडली. 'ळ'चे गाणे करायचे तर ते शब्दाच्या मध्यावर आणि अखेरीवर ताल देणारेच असावे लागेल, जसे शाळा, फळा, खेळ, पिवळा, काळा. जीभ मागे वळवून पुढे झटकण्याची या वर्णाची क्रिया तालासाठी फार सोयीची आहे. हिंदीच्या प्रचलित वर्णमालेत 'ळ' नाही, त्यामुळे भिलाईतल्या वर्गातील तक्त्यावर मराठी मुलाला तो दिसत नाही. पण उडिया, तेलुगू आणि मल्याळम या तिन्ही लिप्यांत त्याच्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे आणि पंजाबीत 'ल'खाली टिंब देऊन तो लिहितात, म्हणजे त्याच रांगेतल्या शेजारच्या क्वार्टरांमधली अनेक मुले तो घरी रोज उच्चारत असतात.